छातीतील नळी आणि वैद्याची जबाबदारी

आपल्या त्रैमासिकात शस्त्रकर्मावरील लेख येतात तेव्हा त्यांत बहुधा क्षारसूत्र, अग्निकर्म अथवा रक्तमोक्षण यांची चर्चा असते. प्रस्तुत लेखाचा विषय यांपैकी एकही नाही. छातीत हवा, पाणी, रक्त अथवा पू साठला असता बरगड्यांमधून जी नळी घालतात, जिला रुग्णालयात 'आय.सी.डी.' म्हणतात आणि रुग्णाचे नातेवाईक नुसतेच 'नळी' म्हणतात, त्या नळीविषयी आणि ती घातलेल्या रुग्णाच्या परिचर्येविषयी आम्ही चार शब्द लिहू इच्छितो. हा विषय आपला नव्हे असे काही व्यवसायबंधूंना वाटेल. तो आपला कसा आहे हेच आम्हांस सांगावयाचे आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य आणि शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी अनुक्रमे ३९ व १९ शस्त्रकर्मांची सूची प्रसिद्ध केली. त्यावरून देशभर वादंग माजले आणि ११ डिसेंबर २०२० रोजी ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी काम बंद ठेवले. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. त्या साऱ्या वादाचा रोख एकच होता : शस्त्र कोणी हाती धरावे ? शस्त्र ठेवून शल्यविशारद घरी गेल्यावर रात्रभर रुग्णाजवळ कोण असतो, हा प्रश्न कोणी विचारला नाही. महाराष्ट्रातील असंख्य खासगी रुग्णालयांत त्या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. तेथे रात्रपाळीचा निवासी वैद्यकीय अधिकारी बहुधा बी.ए.एम.एस. पदवीधर असतो. नळी घालणारा हात दुसऱ्याचा असला तरी ती राखणारा हात आपला असतो. तो हात कितपत शिक्षित आहे ?

आम्ही स्वतःपुरते उत्तर देतो. सन २००५ च्या सुमारास पदवी घेऊन फार काळ लोटला नव्हता तेव्हा आम्ही एका जिल्ह्याच्या गावी खासगी रुग्णालयात रात्रपाळी करीत होतो. दुचाकीच्या अपघातात बरगड्या मोडलेला एक तिशीतील गवंडी संध्याकाळी दाखल झाला. छातीत हवा भरली होती. शल्यविशारदांनी नळी घातली, बाटलीत बुडबुडे येऊ लागले, रुग्णाचा श्वास मोकळा झाला आणि ते निघून गेले. रात्री दहाच्या सुमारास एक्स-रेसाठी रुग्णाला तळमजल्यावर न्यावयाचे होते. वॉर्डबॉयने बाटली उचलून ट्रॉलीवर रुग्णाच्या पायांशी ठेवली. बाटलीतील पाणी उलटे छातीत जाईल अशी आम्हांस भीती वाटली. ती भीती योग्य होती. बाटली खाली धरावयास सांगणे हा तिच्यावरील उपाय होता. आम्ही मात्र नळीला दोन क्लॅम्प लावले आणि आपण मोठी दक्षता घेतली असे समजून निश्चिंत झालो.

एक्स-रेच्या खोलीबाहेर वीस मिनिटे थांबावे लागले. तेवढ्यात रुग्णाला दरदरून घाम फुटला, नाडी धावू लागली, मानेच्या शिरा फुगल्या, तोंडातून शब्द फुटेना. काय घडत आहे हे आम्हांस समजले नाही. वरून निरोप घेऊन आलेल्या ज्येष्ठ परिचारिकेने एका दृष्टीत ते पाहिले आणि दोन्ही क्लॅम्प सोडले. बाटलीत हवेचा लोट उसळला. काही मिनिटांत रुग्ण बोलू लागला. बाई कोणासमोर काही बोलल्या नाहीत. जिन्यात एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, बुडबुडे येत असताना नळी बांधायची नसते."

तो रुग्ण बरा होऊन घरी गेला. त्या रात्री काय घडले हे त्याला कोणी सांगितले नाही. केसपेपरवरही आम्ही त्याची नोंद केली नाही. सकाळी शल्यविशारदांनी विचारले तेव्हा 'रात्र ठीक गेली' असे उत्तर दिले. क्लॅम्प लावणे ही अज्ञानाची चूक होती. नोंद न करणे हा अज्ञानाचा भाग नव्हता. म्हणून दुसरी चूक आम्हांस आजही अधिक बोचते.

या प्रसंगानंतर आम्ही संहिता पुन्हा उघडली ती वेगळ्या नजरेने. सुश्रुतांनी शारीरस्थानात उरोभागाची मर्मे वर्णिताना केलेला भेद प्रत्येकाने मुळातून वाचण्याजोगा आहे. स्तनमूल मर्माचा वेध झाला असता कोष्ठ कफाने भरतो, स्तनरोहिताच्या वेधाने रक्ताने भरतो, अपलापाच्या वेधाने रक्ताचे पुढे पूयात रूपांतर होते आणि अपस्तंभाच्या वेधाने कोष्ठ वाताने भरतो. कास आणि श्वास होऊन रुग्ण दगावतो. द्रव, रक्त, पू आणि हवा : आज ज्या चार कारणांसाठी छातीत नळी घालतात ती चारही येथे एकत्र आली आहेत. ही मर्मे कालांतरप्राणहर गणली आहेत, म्हणजे पंधरवडा ते महिन्याच्या अवधीत प्राण हरण करणारी. ज्या ठिकाणी आचार्यांना मृत्यूखेरीज अन्य परिणाम दिसला नाही, त्या ठिकाणी आज ही बोटाएवढी नळी उभी आहे.

तेव्हा 'हे सर्व आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणण्याची घाई आपण करू नये. छातीत नळी घालण्याचे स्पष्ट विधान आम्हांस सुश्रुतसंहितेत आढळलेले नाही. आढळते ते दकोदराचे. नाभीखाली डाव्या बाजूस, मध्यरेषेपासून चार अंगुळे सोडून, व्रीहिमुख शस्त्राने वेध करावा. धातूची अथवा पिसाची दोन्ही तोंडे उघडी असलेली नाडी घालून दोषोदक काढावे, असे सांगितले आहे. परंतु आमच्या मते या विधीचा गाभा पुढील सूचनेत आहे. सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये. तसे केल्यास तृष्णा, ज्वर, अंगमर्द, अतिसार, श्वास, कास असे उपद्रव होतात. म्हणून काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे काढावे. आधुनिक शास्त्र छातीच्या बाबतीत स्वतंत्रपणे याच सावधगिरीपाशी आले आहे. फार दिवस दबलेले फुप्फुस एकाएकी उलगडले तर त्याच फुप्फुसात पाणी उतरून श्वास कोंडतो. यास्तव एका वेळी साधारण दीड लिटरपेक्षा अधिक द्रव काढू नये, आणि त्याआधीच खोकला अथवा छातीत आवळल्यासारखी वेदना सुरू झाली तर तेथेच थांबावे, असा दंडक आहे. कारणमीमांसा दोन्हीकडे वेगळी आहे. रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी मात्र तीच आहे.

दकोदराच्या त्याच प्रकरणात नळी काढल्यानंतर उदर घट्ट बांधण्यास सांगून पुढे सहा महिने दूध अथवा जांगल मांसरस, नंतर तीन महिने अर्धे पाणी घातलेले दूध आणि उरलेले तीन महिने लघु अन्न असा क्रम दिला आहे. म्हणजे वेध एका दिवसाचा आणि परिचर्या एका वर्षाची. आपण सुश्रुतांचा वारसा सांगताना वेधाचा अभिमान बाळगतो आणि वर्षभराची परिचर्या विसरतो, ही आमची तक्रार आहे.

पाश्चात्त्य वैद्यकालाही हा धडा सहज मिळालेला नाही. हॅम्बुर्ग येथील गोटहार्ड ब्यूलाव या वैद्याने १८७५ मध्ये छातीतील पू बंद नळीने पाण्याखाली काढण्याची रीत वापरली आणि १८९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तरीही पुढील कित्येक वर्षे छाती उघडून पू काढण्याचाच प्रघात होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकी लष्करी छावण्यांतील सैनिक या उघड्या शस्त्रकर्माने मोठ्या संख्येने दगावले. इव्हर्ट्स ग्रॅहम यांचा समावेश असलेल्या आयोगाने कारण शोधले : तीव्र अवस्थेत छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस मिटते. छाती बंद ठेवून नळीने पू काढू लागताच मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या आत आले. नळीचे सारे मर्म या एका वाक्यात आहे : आतले बाहेर यावे, बाहेरचे आत जाऊ नये.

बाटलीतील पाणी हे काम करते. नळीशी जोडलेल्या काडीचे टोक पाण्याखाली सुमारे दोन सेंटिमीटर बुडालेले असते. छातीतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, परंतु पाण्याच्या झाकणामुळे परत जाऊ शकत नाही. ही एक गोष्ट नीट उमगली की परिचर्येचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. बाटली सदैव छातीच्या पातळीखाली आणि उभी असावी, कारण वर उचलल्यास पाणी उलटे जाते व आडवी झाल्यास काडीचे टोक उघडे पडते. बाटलीचे हवा जाण्याचे छिद्र बुजवू नये. नळी रुग्णाच्या अंगाखाली दबू नये, तिला पीळ बसू नये, मध्येच लोंबती घडी पडू नये.

श्वासाबरोबर काडीतील पाण्याची पातळी खालीवर होते. हे नळी जिवंत असल्याचे लक्षण होय. ते हलणे थांबले तर नळी दबली आहे, गुठळीने बुजली आहे अथवा फुप्फुस पूर्ण उलगडले आहे. यांपैकी काय झाले हे रुग्णाकडे पाहून ठरवावे. तो सुखात असेल तर शुभ, त्याची धाप वाढली असेल तर तातडी. बुजलेली नळी जोराने पिळून मोकळी करण्याची जुनी सवय सोडावी. तिने आत फार ओढ निर्माण होते. अपघाताच्या रुग्णात नळी घालताच दीड लिटर रक्त आले, अथवा पुढे ताशी २०० मिलिलिटर याप्रमाणे दोन ते चार तास येत राहिले, तर मध्यरात्र असली तरी शल्यविशारदांना उठवावे. बाटलीवर चिकटपट्टी लावून दर वेळी पातळी आणि वेळ लिहावी. नळीभोवतीची त्वचा बोटाखाली कुरकुरू लागली तर हवा त्वचेखाली पसरत आहे असे समजावे.

जोड निसटली अथवा बाटली फुटली तर नळीचे टोक लगेच सलाइनच्या बाटलीत बुडवावे. नळीच बाहेर आली तर जखमेवर निर्जंतुक गॉज ठेवून तीन बाजूंनी चिकटपट्टी लावावी, चौथी बाजू मोकळी ठेवावी आणि मदत बोलवावी. आणि बुडबुडे येत असताना नळी बांधू नये. हे वाक्य आम्ही एका बाईंकडून जिन्यात शिकलो. आपण ते कागदावर वाचून शिकावे.

वेदनेविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. नळी असलेला रुग्ण दुखते म्हणून दीर्घ श्वास घेत नाही, खोकत नाही, तो हात हलवीत नाही. परिणामी कफ साठतो, फुप्फुस उलगडत नाही आणि खांदा आखडतो. म्हणून वेदनाशामक औषध वेळेवर देणे हे लाड नव्हेत. ती चिकित्सा आहे. उशी छातीशी धरून खोकण्यास शिकवावे, तासातासाने दीर्घ श्वास घेण्यास लावावे, बाटली हाती धरून चालवावे. वेदनाशामकांनी मलावष्टंभ होतो आणि कुंथण्याने वेदना वाढते. येथे मनुका, आरग्वध यांसारखे मृदू अनुलोमन शल्यविशारदांना सांगून देता येते. नळी असताना छातीवर स्नेहन-स्वेदन करू नये. छातीत हवा झालेल्या रुग्णाने एक्स-रेत फुप्फुस पूर्ण उलगडल्याची खात्री होईपर्यंत कुंभक, भस्त्रिका करू नये, विमानप्रवास करू नये. विडी-सिगारेट कायमची सोडावी, कारण छातीत पुन्हा हवा भरण्याचा धोका तिच्यामुळे वाढतो.

जे व्यवसायबंधू रुग्णालयात नसून गावी दवाखाना चालवितात त्यांचे काम नळीच्या आधीचे आणि नंतरचे आहे. उंच, सडपातळ तरुण एकाएकी छातीत चमक आली आणि धाप लागली म्हणून येतो; 'वात धरला' म्हणून हिंग्वाष्टक घेऊन परत जातो. त्याची छाती उघडी करून पाहिली असती, दोन्ही बाजू ठोकून पाहिल्या असत्या, तर एक बाजू कमी हलते, पोकळ वाजते आणि तेथे श्वासध्वनी मंद आहे हे दोन मिनिटांत कळले असते. पाणी असेल तेथे तीच बाजू भरीव वाजते. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही आपली त्रिविध परीक्षा. तिला आकोठन आणि श्रवण यांची जोड द्यावयाची एवढेच. श्वासनलिका एका बाजूस सरकलेली, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि रक्तदाब उतरत असेल तर एक्स-रेची वाट पाहण्यासही वेळ नसतो. सोबत प्राणवायू देऊन १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि पुढील रुग्णालयास दूरध्वनीवर स्पष्ट शब्दांत सांगावे. प्रत्येकास नळी लागतेच असेही नाही. थोडी हवा असून त्रास नसेल तर निरीक्षणावर भागते. परंतु तो निर्णय एक्स-रे पाहून छातीच्या तज्ज्ञाने करावयाचा आहे.

छातीत पाणी होण्यामागे आपल्याकडे क्षय हे फार मोठे कारण आहे. 'पाणी एकदा काढले की पुन्हा पुन्हा भरते' या समजुतीने लोक नळीला नकार देतात आणि पू घट्ट होऊन फुप्फुस जखडेपर्यंत थांबतात. पाणी काढल्याने भरत नाही. मूळ रोग राहिल्याने भरते, हे समजावून सांगण्यासाठी गावच्या वैद्याइतका विश्वासाचा माणूस दुसरा नाही. सहा महिन्यांची क्षयरोगाची औषधे एकही दिवस न चुकविता पूर्ण करावीत. वासा, यष्टिमधु, च्यवनप्राश ही त्या औषधांच्या सोबत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगून द्यावयाची, त्यांच्याऐवजी नव्हे. क्षयरुग्णाची नोंदणी २०१२ पासून खासगी व्यावसायिकांसही बंधनकारक आहे आणि नोंदणी झालेल्या रुग्णास निक्षय पोषण योजनेतून मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहेत. नोंदणी टाळणारा वैद्य रुग्णाच्या दुधाचे पैसे बुडवितो, असे आम्ही म्हणतो.

औषधालयांच्या मालकांसही विनंती आहे. धाप लागलेला मनुष्य दुकानाच्या फळीशी येऊन श्वासकुठार मागतो तेव्हा तो ग्राहक नसून रुग्ण आहे. छातीत एका बाजूस दुखते का, धाप आजच लागली का, पडझड झाली का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर होकारार्थी असल्यास औषध न देता वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशीच्या गल्ल्यात थोडी तूट येईल. दुकानावरचा विश्वास मात्र वाढेल. नळी व पिशवीसह घरी पाठविलेले रुग्णही अलीकडे दिसतात. पिशवी खिळ्याला, डोक्याच्या उंचीवर अडकविलेली आम्ही पाहिली आहे. घरच्यांचा त्यात काय दोष ? त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आम्हांस ठाऊक आहे की यावर दोन आक्षेप येतील. एक पक्ष म्हणेल, शुद्ध आयुर्वेद सोडून हे कशाला ? त्यांना आमचे उत्तर असे की, रात्रपाळीचे वेतन घेताना आपण शुद्धाशुद्धाचा विचार केला नाही; तो रुग्णाच्या जिवावर करू नये. दुसरा पक्ष म्हणेल, राखण करता येते तर नळीही आपणच का घालू नये ? कायदा काय करू देतो आणि हातास काय येते हे दोन भिन्न प्रश्न आहेत. बरगडीच्या खालच्या कडेस धमनी, शीर आणि नाडीतंतू असतात, म्हणून नळी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून न्यावयाची. ती हृदयात, यकृतात, प्लीहेत शिरू शकते. पुस्तकात एका ओळीत मावणारे हे ज्ञान हातात उतरण्यास अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली पुष्कळ वेळा ते कर्म करावे लागते. सुश्रुतांनी योग्या सांगितली ती याचसाठी. ज्याने ती केली नाही त्याने नळी घालू नये, मग त्याची पदवी कोणतीही असो.

आमच्या संघटनेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एक दिवस नळीच्या परिचर्येची कार्यशाळा घ्यावी आणि तेथे शिकविण्यास शल्यविशारदांबरोबर अनुभवी परिचारिकेस सन्मानाने बोलवावे. घरी नेलेल्या नळीची काळजी सांगणारे एक पानाचे मराठी पत्रक काढून सदस्यांच्या दवाखान्यांत व औषधालयांत ठेवावे. आणि रात्रपाळी करणाऱ्या सदस्यांनी पाळी बदलताना बाटलीची पातळी, बुडबुडे, पाण्याची हालचाल आणि घडलेली प्रत्येक चूक लिहून देण्याचा शिरस्ता पाडावा. चूक लिहिणाऱ्यास शिक्षा न करण्याचे वचन रुग्णालयचालकांकडून संघटनेने मिळवावे. त्याविना ही तिसरी सूचना कागदावरच राहील.

चरकांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत परिचारकाचे गुण म्हणून उपचारज्ञता, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार मोजले. त्या रात्री हे चारही गुण वैद्याच्या ठिकाणी नव्हते, परिचारिकेच्या ठिकाणी होते. भिषक् हा पाद श्रेष्ठ खरा. परंतु रात्री तीन वाजता नळीशेजारी एकटा असलेला वैद्य हा भिषक् आणि परिचारक दोन्ही असतो. त्याला दोन्ही विद्या याव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.